चेहऱ्यावरचें तेल



वडाळा रोड स्थानकाच्या पुलावर सकाळीं साडेआठाच्या सुमारास उभें राहिलें, तर एक दृश्य हटकून दिसतें. हार्बर मार्गाच्या गाड्या येथून दोन वाटांना फुटतात. एक वाट कुर्ल्यावरून वाशी-पनवेलकडे जाते, दुसरी माहीमवरून अंधेरीच्या बाजूला वळते. गाडी बदलण्यासाठीं उतरलेल्या कॉलेजांतील मुली दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभ्या असतात, आणि त्यांतल्या कितीतरी मुलींचा हात कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून, हनुवटीवरून सारखा फिरत असतो. हातांत रुमाल असतो, नाहीं तर टिपकागदासारखा पातळ कागद असतो. घरून निघून अर्धा तासहि झालेला नसतो, तोंच चेहरा चकाकूं लागलेला असतो. मुलगेहि हेंच करतात. फक्त ते शर्टाच्या बाहीनें करतात, आणि आपण तें करीत आहों हें त्यांना कबूल नसतें.

इतका क्षुल्लक विषय आकाशवाणीवर कशाला, असें एखाद्या वडीलधाऱ्या श्रोत्यास वाटेल. मीं एका महाविद्यालयांत तीस वर्षें रसायनशास्त्र शिकविलें. त्या काळांत पहिल्या बाकावर बसणारी हुशार मुलगी सोळाव्या-सतराव्या वर्षीं हळूच शेवटच्या बाकावर जाऊन बसतांना मीं कितीदां तरी पाहिली. फळ्यापाशीं बोलावलें तर ती मान खालीं घालून येई आणि केसांची बट गालावर ओढून घेई. कारण विचारण्याची गरज नसे. तें चेहऱ्यावर दिसतच होतें. गेल्या वर्षीं हा अनुभव माझ्या घरांत आला. आषाढी एकादशीला आम्ही सारीं वडाळ्याच्या विठ्ठलाला जातों. रांग लांब असते, पाऊस असतो, ओळखीचीं माणसें भेटतात. त्या दिवशीं माझी नात म्हणाली, "आजी, तुम्ही जा. मी येत नाहीं. सगळीं माझ्या तोंडाकडे बघतात." आणि त्यानंतर महिन्याभरांत तिच्या टेबलाच्या खणांत मला एक पांढरी डबी सांपडली. तिच्यावर ना औषधाचें नांव होतें, ना कारखान्याचें. त्या डबीकडे मी पुढें येणार आहें.

आपल्या भाषेचा एक गमतीचा व्यवहार येथें सांगण्याजोगा आहे. तान्ह्या मुलाची कांति तुकतुकीत दिसली कीं आपण दृष्ट काढतों. नवरीच्या तोंडावर तुकतुकी दिसली कीं 'तेज आलें' म्हणतों. तीच चमक सोळा वर्षांच्या मुलीच्या नाकावर दिसली, कीं ती तेलकट, ओशट, तुपकट ठरते, आणि जवळची बाई लगेच म्हणते, "काळवंडलीस गं." तेज आणि तेल या दोन शब्दांत अंतर एका अक्षराचें आहे, पण तेवढ्या अंतरांत मुलीचें एक अख्खें वर्ष नासूं शकतें.

आतां हें तेल म्हणजे काय, तें पाहूं. आपल्या त्वचेंत केसांच्या मुळांशीं लहान लहान तैलग्रंथि असतात. तळहात आणि तळपाय यांवर त्या मुळींच नाहींत. चेहऱ्यावर मात्र एका चौरस सेंटीमीटरांत त्यांची संख्या ४०० पासून ९०० पर्यंत जाते. त्यांतून जो स्निग्ध पदार्थ झिरपतो, त्यांत निम्म्याहून अधिक भाग साध्या चरबीचा व तिच्यापासून सुटलेल्या आम्लांचा, पाव भागाच्या आसपास मेणासारख्या द्रव्यांचा आणि उरलेल्यांत मोठा वांटा स्क्वालीन नांवाच्या पदार्थाचा असतो. हें नांव शार्क माशाच्या शास्त्रीय नांवावरून आलें आहे, कारण तो पदार्थ प्रथम त्या माशाच्या यकृताच्या तेलांत सांपडला. तेव्हां मुशीच्या तेलाचें आणि आपल्या नाकावरील तेलाचें थोडें नातें आहे, असें मी वर्गांत सांगत असें, आणि तेवढ्यापुरता शेवटचा बाकहि हंसत असे. या तेलाबरोबर ई-जीवनसत्त्वहि त्वचेच्या पृष्ठभागावर येतें. म्हणजे हें तेल मळ नव्हे. तें अंगचेंच एक पातळ वस्त्र आहे. नाकावर जीं काळीं टोंकें दिसतात, तींहि मळानें काळीं झालेलीं नसतात. रंध्राच्या तोंडाशीं सांचलेल्या द्रव्याचा हवेशीं संबंध येऊन आणि त्वचेंतील रंगद्रव्यामुळें तीं काळीं दिसतात. म्हणून तीं घासून जात नाहींत.

हें तेल किती यावें, हें मुख्यतः शरीरांतील अंतःस्राव ठरवितात. वयांत येतांना त्यांचा जोर वाढतो आणि ग्रंथि मोठ्या होतात. बारा ते चोवीस या वयांतल्या सुमारें ८५ टक्के मुलामुलींना थोड्याफार पुटकुळ्या येतात, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. सुश्रुतानें या पुटकुळ्यांना मुखदूषिका म्हटलें असून त्यांना सांवरीच्या कांट्याची उपमा दिली आहे, आणि त्या तरुणांच्याच तोंडावर येतात हेंहि नमूद केलें आहे. ज्यानें सांवरीचें खोड हातानें चांचपलें असेल, त्याला या उपमेची अचूकता पटेल. दुसरें कारण हवा. १९७० सालीं इंग्लंडांतील त्वचावैद्यांनीं मोजून पाहिलें, तेव्हां त्वचेचें तपमान एक अंश सेल्सिअसनें वाढलें कीं तेलाचें झिरपणें सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतें असें आढळलें. एका बाजूला खाडी आणि मिठागरें, दुसऱ्या बाजूला गच्च वस्ती, आणि वर मे महिन्याचें आभाळ, अशा आपल्या या वडाळ्यांत त्या तेलांत घामाची भर पडते. दमट हवेंत घाम लवकर सुकत नाहीं; तो तेलाबरोबर चेहऱ्यावर पसरतो, आणि मुलीला वाटतें कीं सारें तेलच आहे.

या ठिकाणीं आपल्या घरांत पहिली चूक होते. तेल दिसलें कीं तें काढा, आणि पुन्हां दिसलें कीं पुन्हां काढा. माझी नात दिवसांतून सहा वेळां साबणानें तोंड धूत होती. वस्तुतः तैलग्रंथीला आपण तोंड किती वेळां धुतलें याची वार्ताहि नसते. परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हां भोंगा झाला कीं पाळी सुरू होई; रस्ता झाडणाऱ्यानें रस्ता कितीहि स्वच्छ ठेवला, म्हणून भोंगा थांबत नसे. तसेंच हें आहे. आपण धुतों तो रस्ता. गिरणी आंत आहे. फार धुतल्यानें गिरणी बंद पडत नाहीं. मात्र रस्ता उखडतो.

तो कसा उखडतो, हें रसायनशास्त्राच्या शिक्षिकेनें सांगितलेंच पाहिजे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो; त्याचा सामू साधारण पांचाच्या आसपास भरतो. साबण म्हणजे तेल आणि क्षार यांच्या संयोगानें झालेली वस्तु. तिचा सामू नऊ ते दहा. आपल्या शहराला साबणाचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. लालबागेंत १८९७ सालीं कुलुपें करण्यास आरंभ करणाऱ्या गोदरेज यांनीं पुढें १९१९ च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरतां वनस्पतींच्या तेलाचा साबण तयार केला, आणि स्वदेशीच्या दिवसांत तो घरोघर गेला. अंगाला लावण्यास साबण उत्तम आहे. पण तेलकट चेहऱ्यावर तो दिवसांतून सहा वेळां फिरविला, तर त्वचेचें आम्लपण परत येण्यास सवड मिळत नाहीं. तिच्या वरच्या थराची वीण सैल होते, त्वचा ओढल्यासारखी वाटते, आग होते. गंमत अशी, कीं कांतडी कोरडी पडून तिची सालपटें निघूं लागलीं, तरी तिच्यावर तेल चमकतच असतें. मग मुलगी म्हणते, "एवढें धुतलें तरी तेलकटच!" आणि सातव्यांदा न्हाणीघरांत जाते.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. 'नैसर्गिक' या शब्दावर माझीहि एके काळीं फार श्रद्धा होती. लिंबू तेल कापतें, हें भांडीं घासणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतें. कॉलेजांत असतांना एका मे महिन्यांत मीं लिंबाची फोड गालांवर आणि कपाळावर चोळली, तशीच छत्रीशिवाय भर दुपारीं बाहेर पडलें, आणि संध्याकाळपर्यंत उन्हांत फिरलें. दुसऱ्या दिवशीं गालावर फोड आले. ते बरे झाले. पण त्यांच्या जागीं तपकिरी डाग पडले, ते जाण्यास वर्ष लागलें. पुढें वाचनांत आलें, कीं लिंबाच्या रसांत आणि विशेषतः सालींत अशीं द्रव्यें असतात, कीं त्यांच्यावर ऊन पडलें म्हणजे तीं त्वचेला भाजतात. त्याशिवाय लिंबाचा सामू दोनाच्या आसपास, म्हणजे त्वचेला सोसण्यापलीकडे आम्ल. खाण्याचा सोडा उलट टोंकाचा. हीं दोन्हीं द्रव्यें स्वयंपाकघरांतलीं खरीं. पण तीं स्वयंपाकघरांतच शोभतात. दांत घासण्याच्या पेस्टनें पुटकुळी सुकविण्याची नवी रीत निघाली आहे, तिचीहि हीच गत.

मग आजीच्या बटव्यांतलें कांहींच कामाचें नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. दिवाळीच्या पहांटेचें अभ्यंगस्नान आठवा. आधीं तेल, मग उटणें. तेलाला तेल विरघळवितें, आणि मागून कोरडी पूड येऊन दोन्ही उचलून नेते. यांत रसायनशास्त्राची चांगली जाण आहे. मात्र तें उटणें सणाचें होतें. कोणीहि शहाणी बाई तें रोज तोंडावर घांशीत नव्हती. तेलकट त्वचेच्या मुलीनें साय आणि तेल वगळून बेसन किंवा मसुरीचें वस्त्रगाळ पीठ पाण्यांत कालवावें, आठवड्यांतून एकदोनदां हलक्या बोटांनीं लावावें आणि न रगडतां धुवून टाकावें. मुलतानी माती तेल शोषते, हें खरेंच आहे. मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्यें तें अडकून बसतें. गुलाबपाण्यांत ती कालवून आठवड्यांतून एकदां लावावी, आणि पार सुकून तडे जाण्यापूर्वींच धुवावी. तडे जाईपर्यंत ठेवली, तर ती त्वचेचें पाणीहि ओढून घेते. कोरफडीचा गर कांहींना मानवतो, कांहींना खाज सुटते. आधीं कोपराच्या आंतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. कडुलिंबाच्या आणि हळदीच्या लेपालाहि हीच कसोटी लावावी. झाडावरून आलें म्हणून सौम्य असतें, असें नाहीं. खाजकुइलीहि झाडावरूनच येते.

नारळाच्या तेलाविषयीं बोलतांना मला थोडें भय वाटतें, कारण त्यांत आईची माया मिसळलेली असते. रविवारीं सकाळीं मुलीला पुढ्यांत बसवून डोक्याला तेल थापणें, हा आपल्याकडे प्रेमाचा एक विधि आहे. परंतु तें तेल उतरून कपाळावर येतें, आणि कपाळाच्या कडेनें, कानशिलांवर, बारीक बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. केसांना सुगंधी चोपडण लावणाऱ्या लोकांच्या कपाळांवरील अशाच पुटकुळ्यांचें वर्णन अमेरिकेंतील वैद्यांनीं १९७० सालींच करून ठेवलें आहे. तेव्हां तेल जरूर लावावें. पण तें न्हाण्यापूर्वीं तासभर, केसांच्या मुळांना बेताचें, कपाळ कोरडें ठेवून. लावून रात्रभर उशीवर निजूं नये, आणि उशीचा अभ्रा आठवड्यांतून दोनदां तरी बदलावा. चेहऱ्याला मात्र नारळाचें तेल नको.

आतां आहार. येथें समजुतींचा फार गोंधळ आहे. "वडे खाल्लेस, म्हणून तोंड आलंय तुझं तेलानं," हें वाक्य घरोघर ऐकूं येतें. पण कढईंतलें तेल पोटांत जाऊन नाकावर झिरपत नाहीं. पचनानंतर त्याचें जें होतें, त्याचा आणि तैलग्रंथींचा इतका सरळ रस्ता नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंत ६५ जणांना कांहीं आठवडे चॉकलेट देऊन पाहिलें आणि पुटकुळ्यांवर परिणाम होत नाहीं असा निकाल दिला गेला. पुढें कित्येक वर्षें वैद्य तो निकाल पुढें करीत. मग कोणी तरी बारकाईनें पाहिलें, तर तुलनेसाठीं दिलेल्या बिनकोकोच्या वड्यांतहि साखर आणि चरबी भरपूर होती! २००२ सालीं दुसरी एक पाहणी प्रसिद्ध झाली. पापुआ न्यू गिनींतल्या कितावा नांवाच्या बेटावर बाराशें माणसें तपासलीं. तरुणांसकट एकाच्याहि तोंडावर पुटकुळी मिळाली नाहीं. तीं माणसें कंद, फळें, नारळ आणि मासे खात. साखर, मैदा त्यांच्या ताटांत नव्हताच म्हटलें तरी चालेल. बेटावरच्या जीवनांत आणि आपल्यांत आणखीहि पुष्कळ फरक आहेत, म्हणून एवढ्यावरून निकाल देतां येत नाहीं. पण २००७ सालीं मेलबर्न येथें ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यांतहि साखर आणि मैदा कमी करून डाळी, कडधान्यें, अखंड धान्यें खाणाऱ्यांच्या पुटकुळ्या दुसऱ्या गटापेक्षां अधिक उतरल्या. रक्तांत साखर एकदम चढली कीं तिच्यामागोमाग जे स्राव वाढतात, ते तैलग्रंथींना चेतवितात, असा त्याचा अर्थ लावतात.

म्हणून दादर स्थानकाच्या बाहेर उभें राहून वडापाव खाणाऱ्या मुलाला मी सांगेन, कीं वड्याहून पावाचा विचार अधिक कर, आणि त्याच्याबरोबर तीन चमचे साखरेचा चहा घेतोस त्याचा त्याहूनहि अधिक कर. आपल्या घरच्या जुन्या ताटांत उत्तर तयारच आहे: ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, आमटी, कोशिंबीर, पालेभाजी, एखादें फळ. यासाठीं परदेशी बिया विकत आणाव्या लागत नाहींत. दुधाविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पाश्चात्त्य पाहण्यांत दूध, विशेषतः साय काढलेलें दूध, भरपूर पिणाऱ्यांत पुटकुळ्यांचें प्रमाण थोडें अधिक आढळलें आहे. दह्याशीं असा संबंध स्पष्ट दिसलेला नाहीं. वाढत्या मुलीचें दूध त्यासाठीं तोडूं नये. पण ताक मात्र निःशंकपणें प्यावें. आणि लालबाग-परळच्या व्यायामशाळांतून जे तरुण डब्यांतल्या दुधाच्या प्रथिनांची पूड पाण्यांत घुसळून पितात, त्यांच्या पाठीवर आणि खांद्यांवर अकस्मात् पुटकुळ्यांचें पीक आलें, तर त्यांनीं प्रथम तो डबा बंद करून पाहावा.

झोप आणि चिंता यांचाहि यांत हात आहे. २००३ सालीं अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठांत २२ विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वीं आणि परीक्षेच्या दिवसांत तपासलें, तेव्हां ज्यांच्या मनावर ताण अधिक होता त्यांचा चेहरा अधिक बिघडला होता. आमच्या दहावी-बारावीच्या घरांत हें सांगण्यासाठीं विद्यापीठाची गरज नाहीं. गरज आहे ती एवढ्याचीच, कीं परीक्षेच्या सकाळीं आईनें "काय गं हें तोंड!" असें म्हणूं नये.

आतां त्या पांढऱ्या डबीकडे येतें. नातीला विचारलें, तेव्हां ती प्रथम बोलेना. मग म्हणाली, "पार्लरमधल्या ताईनं दिली. चार दिवसांत गोरं आणि साफ होतं." आणि झालेंहि तसें होतें! आठवड्याभरांत पुटकुळ्या बसल्या होत्या, चेहरा उजळला होता; मलाच वाटलें होतें कीं पोरगी आतां सुधारली. महिन्याभरानें डबी लावली नाहीं कीं चेहरा लाल होऊं लागला, ऊन सोसेना, गालांवर बारीक केस दिसूं लागले, आणि पुटकुळ्या दुप्पट होऊन परत आल्या. त्वचावैद्यांनीं डबी पाहतांच ओळखलें. अशा बेनामी डब्यांत पुष्कळदां स्टेरॉइड मिसळलेलें असतें. तें औषध वाईट नाहीं. योग्य रोगावर, योग्य मुदतीपुरतें, वैद्याच्या देखरेखीखालीं तें मोलाचें आहे. पण चेहऱ्यावर सरसकट फांसलें, तर तें त्वचा पातळ करतें, आणि त्वचेला त्याची जणूं संवय लागते. हा प्रकार देशभर इतका पसरला, कीं २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरी तीं डबीचें नांव बदलून खणांत येऊन बसतातच.

याहूनहि भयंकर वस्तु म्हणजे पारा. तो त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया अडवितो, म्हणून गोरें करणाऱ्या स्वस्त मलमांत घालतात. २०२३ सालीं अकोल्याच्या एका कुटुंबांतील तिघींच्या मूत्रपिंडांना विकार झाला. त्या तिघी एकच मलम लावीत असत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत शोध घेतां घेतां त्या मलमांत पाऱ्याचें प्रमाण फार मोठें आढळलें. वर्तमानपत्रांत ही हकीकत सविस्तर आली होती. चेहऱ्याला लावलेली वस्तु मूत्रपिंडापर्यंत जाऊं शकते, हें आपल्या पुष्कळ सुशिक्षित घरांतहि कोणाला खरें वाटत नाहीं. म्हणून माझी प्रत्येक आईला विनंति आहे, कीं मुलीचा खण एकदां उघडून पाहावा; रागानें नव्हे, तिच्याच समोर, तिच्याशीं बोलत. ज्या डबीवर घटकद्रव्यें, कारखान्याचें नांव आणि तारीख नाहीं, ती घरांत ठेवूं नये.

सोळा वर्षांची शिकलेली मुलगी बेनामी डबी तोंडाला कां लावते? कारण त्वचेवरून माणसाला दूर सारण्याची समाजाची संवय जुनी आहे, आणि वडाळ्यांत राहणारांना ती कोणी शिकवायला नको. येथल्या ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाचा आरंभ १८९० सालचा. मुंबईचे त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनीं रस्त्यावर टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठीं तें उभारण्यांत पुढाकार घेतला. हेच ॲक्वर्थ शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह आपले ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ सालीं छापणारे. साहेब गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवीत होता आणि घरांतून हांकललेल्यांना छप्पर देत होता, हें मला नेहमीं विलक्षण वाटतें. आज कुष्ठरोग औषधांनीं पूर्ण बरा होतो. तरी त्या भिंतीवरून जातांना पावलें झपझप टाकणारीं माणसें मीं माझ्या लहानपणीं पाहिलीं आहेत. पुटकुळीची आणि त्या दुःखाची तुलना मला करावयाची नाहीं. पण "सगळीं माझ्या तोंडाकडे बघतात" हें वाक्य ऐकलें, तेव्हां मला ती भिंत आठवली.

आतां रोजचें काय, तें थोडक्यांत सांगतें; नातीला त्वचावैद्यांनीं जें सांगितलें आणि मला शास्त्राच्या दृष्टीनें पटलें, तेंच. तोंड दिवसांतून दोनदां धुवावें, आणि फार घाम आला तर तिसऱ्यांदा, बस्स. साबणाची वडी नको, क्षार नसलेलें सौम्य द्रव घ्यावें आणि पाणी साधें असावें, कढत नको. पुसतांना घासूं नये, मऊ पंच्यानें टिपावें. त्यानंतर पाण्याच्या अंशाचें हलकें जेल लावावें. तेलकट तोंडाला आणखी कांहीं लावावयाचें हें मुलींना पटत नाहीं. पण तेल निराळें आणि ओलावा निराळा. बाहेर जातांना सनस्क्रीनहि जेलच्याच जातीचें असावें. उन्हांत पुटकुळीचे डाग अधिक गडद होतात. गाडींत चेहरा चमकला तर रुमालानें टिपावा, तेवढें पुरे. पुटकुळी नखानें फोडूं नये. ती आठ दिवसांची पाहुणी असते; नखानें केलेला खड्डा जन्माचा असतो. आणि कोणताहि उपाय केला, तरी त्याला दोन-तीन महिने द्यावे. चार दिवसांत गुण येतो असें जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावें.

जेथें गांठी खोल आणि दुखऱ्या आहेत, खड्डे पडूं लागले आहेत, किंवा मुलीची मासिक पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत आहेत, तेथें घरगुती उपायांत दिवस घालवूं नयेत. तें तेल आंतल्या अंतःस्रावांची बिघडलेली घडी सांगत असतें. के. ई. एम. किंवा शीवचें लोकमान्य टिळक रुग्णालय आपल्यापासून लांब नाहीं. दोन्हीकडे त्वचारोगाचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. तेथें बाकावर बसलेल्या मुलामुलींची संख्या पाहिली, तरी निम्मा संकोच जातो. माझ्या नातीचा तेथेंच गेला. शेजारच्या बाकावर तिच्याच वर्गांतला एक मुलगा टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसला होता. दोघांनीं एकमेकांना ओळखलें, आणि आधीं ओशाळून मग दोघेंहि हंसलीं.

डबी सुटल्यावर तिचा चेहरा सावरण्यास सात महिने लागले. पहिले दोन महिने फार वाईट गेले. ती रडे, आणि डबी परत दे म्हणून माझ्यापाशीं हट्ट धरी. मीं ती दिली नाहीं. या वर्षीं आषाढीला आम्ही पुन्हां विठ्ठलाच्या रांगेंत उभीं होतों. पाऊस थांबून ऊन पडलें होतें आणि अंगाची नुसती काहिली होत होती. तिच्या हनुवटीवर दोन पुटकुळ्या होत्या, नाक चमकत होतें. पुढच्या बाईंनीं वळून विचारलें, "ही तुमची नात का? केवढी मोठी झाली!" तिनें ओढणीच्या टोंकानें नाक टिपलें आणि त्या बाईंना कॉलेजची हकीकत सांगत राहिली, रांग कळसापाशीं पोंचेपर्यंत तिचें बोलणें संपलें नव्हतें.